परक्या देशांतली बिगारी

गेल्या महिन्यांत वसईहून एका वृद्ध गृहस्थांचें चार पानी पत्र आम्हांस आलें. अक्षर सुवाच्य, भाषा शांत, विषय मात्र घर ढवळून काढणारा. त्यांची नात पदवीधर असून नालासोपाऱ्याच्या एका इंग्रजी शाळेंत शिशुवर्गावर तीन वर्षें काम करीत आहे. तिला आतां बँकॉक येथील एका शाळेनें तसल्याच लहान मुलांस इंग्रजी शिकविण्यासाठीं बोलाविलें आहे. घरांत माणसें अकरा आणि मतें बारा. आजीचें म्हणणें, पोरीनें आधीं संसार मांडावा. काकांचें म्हणणें, इंग्रजी शिकवावयास इंग्रज काय थोडे आहेत. आईचें म्हणणें कांहींच नाहीं, ती फक्त रात्रीं जागी असते. शेवटीं पत्रलेखकांनीं आम्हांस सरळ विचारलें आहे कीं, नातीला पाठवावी कीं न पाठवावी, आणि पाठविल्यास ती तेथें रुळेल कशी?

पहिल्या प्रश्नाचा निकाल आम्हीं द्यावा असें उरलेलें नाहीं. मुलीनें पदवीचीं प्रमाणपत्रें सरकारी शिक्क्यासाठीं दिलीं आहेत असा उल्लेख पत्राच्या तिसऱ्या पानावर ओझरता आला आहे, आणि ज्या घरानें तें होऊं दिलें त्या घराचा निकाल झालेलाच आहे. दुसरा प्रश्न मात्र खरा आहे, आणि तो ह्या एका घराचा नाहीं. आमच्या वाचकांच्या घरांतून मुलगे परदेशीं जाऊं लागल्यास कैक पिढ्या झाल्या. मुली शिक्षिका म्हणून, एकट्या, तेंही विलायत-अमेरिका सोडून पूर्वेकडे जाऊं लागल्या ही गोष्ट अलीकडची.

तरीपण वसईच्या मातींत ती अगदींच नवी आहे असें समजूं नये. सोपारें म्हणजे प्राचीन शूर्पारक. १८८२ सालीं पंडित भगवानलाल इंद्रजी ह्यांनीं तेथील स्तूप उकरला आणि अशोकाच्या आठव्या शिलाशासनाचा तुकडा उजेडांत आला. सिंहलद्वीपाच्या महावंस ग्रंथांत अशोकाच्या काळीं कोणकोणत्या मुलखांस उपदेशक धाडले त्याची यादी आहे. तींत आपला अपरांत आहे आणि सुवर्णभूमिही आहे. सुवर्णभूमि नेमकी कोणती ह्यावर पंडितांचा वाद चालूं द्या. थाई लोकांनीं २००६ सालीं उघडलेल्या आपल्या राजधानीच्या विमानतळास तेंच नांव देऊन आपल्यापुरता तो मिटविला आहे.

ह्याहून जवळचें उदाहरण वसईच्या किल्ल्यांतलें आहे. पोर्तुगीज अमदानीच्या आठवणी आमच्या कित्येक घराण्यांतून कडू आहेत, आणि १७३९ सालची चिमाजीअप्पांची मोहीम आम्ही अभिमानानें सांगतों. पण त्याच अमदानींत, १५५६-५७ च्या सुमारास, वसईंत जन्मलेल्या गोन्सालो गार्सिया नांवाच्या मुलाची हकीकत आमच्या मुलांस सहसा कोणी सांगत नाहीं. बाप पोर्तुगीज, आई येथलीच. पंधराएक वर्षांचा असतां तो जेझुइट पाद्र्यांबरोबर जपानांत गेला, तेथली भाषा झपाट्यानें शिकला आणि धर्मोपदेशाच्या कामांत त्यांचा साहाय्यक झाला. पुढें तो व्यापारी झाला, मनिला येथें फ्रान्सिस्कन पंथांत शिरला, आणि १५९३ मध्यें त्या पंथाचें शिष्टमंडळ जपानच्या अधिपतीकडे, हिदेयोशीकडे, गेलें तेव्हां दुभाषा म्हणून वसईच्या ह्याच माणसाची गरज लागली. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकी येथें पंचवीस सोबत्यांसह त्याला क्रुसावर चढविण्यांत आलें. १८६२ सालीं रोमच्या धर्मपीठानें त्याला संतपद दिलें. त्याच्या धर्मकार्याशीं आमचें येथें कर्तव्य नाहीं. आम्हांस महत्त्वाचें वाटतें तें इतकेंच कीं, विशीच्या आंत ऐकून ऐकून शिकलेली ती जपानी भाषा वीस वर्षांनंतरही त्याच्या कामीं आली. परमुलखांत शिकवावयास जाणारानें आधीं शिकावयास बसावें लागतें. जे बसले नाहींत त्यांचीं नांवें कोणी ठेवलेलीं नाहींत.

उलट दिशेनें आलेल्यांचेंही तेंच. अमेरिकेहून सिंथिया फॅरार नांवाची एक अविवाहित शिक्षिका १८२७ च्या अखेरीस मुंबईस उतरली. तिला ह्या देशांत कोणी ओळखत नव्हतें, हवा सोसत नव्हती, आणि ज्या मुलींस शिकवावयाचें त्यांची भाषा तिच्या कानांवरून कधीं गेलेली नव्हती. ती मराठी शिकली, मुंबईंत व पुढें अहमदनगरांत मुलींच्या शाळा चालविल्या, आणि १८६२ सालीं नगरासच तिचा अंत झाला. सावित्रीबाई फुले ह्यांनीं अध्यापनाचे धडे नगरास तिच्याच संस्थेंत घेतले असें चरित्रकार सांगतात. ती बोटींत चढली त्या दिवशीं तिच्या घरींही कोणी आई रात्रभर जागी असेलच.

आजींच्या मनांतला खरा प्रश्न अन्नाचा आणि आचाराचा असावा असा आमचा तर्क आहे, म्हणून पंडिता रमाबाईंचें उदाहरण देतों. १८८३ सालीं त्या लहानग्या मनोरमेला घेऊन विलायतेस गेल्या. पुढें चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजांत स्वतः शिकत असतांनाच तेथें संस्कृत शिकवूं लागल्या. ख्रिस्ती धर्म स्वीकारूनही त्यांनीं शाकाहार सोडला नाहीं, आणि त्यावरून हितचिंतकांशीं त्यांचे खटके उडाले. गंमत अशी कीं, त्यांनीं पुरुष विद्यार्थ्यांस शिकवावें कीं नाहीं ह्यावर हरकत घेणारांत खुद्द मुंबईचे बिशपसाहेब होते. तेव्हां 'लोक काय म्हणतील' हें शास्त्र केवळ आमच्याच ओसरीवर निपजलें असें मानून कोणीं खिन्न होऊं नये. पुढें अमेरिकेंत त्यांनीं फ्रोबेलच्या बालोद्यान-पद्धतीचा अभ्यास केला आणि १८८९ मध्यें मुंबईंत शारदासदन काढलें.

आतां काकांच्या प्रश्नाकडे वळूं, कारण तो वाटतो तितका थट्टेचा नाहीं. इंग्रजी शिकविण्याच्या बाजारांत खरोखरच पारपत्राचा रंग पाहतात. पूर्वेकडील कित्येक देशांत इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलिया अशा मोजक्या देशांच्या नागरिकांसच पहिली पसंती मिळते. दक्षिण कोरियानें तर अशा सात देशांची यादीच ठरविली होती. १ जानेवारी २०१० पासून अमलांत आलेल्या भारताबरोबरच्या करारानें तींत आमच्या शिक्षकांसाठीं थोडी फट पडली. थायलंडांत भारतीय व फिलिपिनी शिक्षिका पुष्कळ आहेत. पण त्याच शाळेंत, त्याच वर्गावर, गोऱ्या तरुणाला त्यांच्याहून अधिक पगार मिळतो हें सर्रास घडतें. मुलीनें हें जाण्यापूर्वींच ऐकून ठेवावें, म्हणजे तेथें गेल्यावर कळून मन मोडणार नाहीं. हा अन्याय आहे. पण तो अज्ञानही आहे, आणि कसें तें सांगतों.

तीनचार वर्षांच्या मुलाला परकी भाषा द्यावयाची म्हणजे ती परकी आहे हें शिक्षिकेला आंतून ठाऊक पाहिजे. ज्याला इंग्रजी आईच्या दुधाबरोबर मिळाली त्याला ती कोठें अडते हें सांगतां येत नाहीं. आमची मुलगी ती अडतअडत शिकली आहे. शिवाय ती वसईची. ह्या तालुक्यांत एका गल्लींत सामवेदी, दुसरींत वाडवळी, बाजारांत गुजराती आणि स्टेशनांत हिंदी ऐकत मूल वाढतें. घरची बोली वेगळी आणि पाटीवरची भाषा वेगळी, हा अनुभव येथें कोणाला सांगावा लागत नाहीं. आणि नालासोपाऱ्याच्या शिशुवर्गांत ती तीन वर्षें काय करीत होती? उत्तरेकडून आलेल्या, कोंकणांतून आलेल्या, गुजराथेंतून आलेल्या मुलांस, ज्यांच्या घरची भाषा तिला धड येत नाहीं, इंग्रजींतून 'बस', 'ऊठ', 'डबा उघड' असेंच ना? परदेश तिनें विरारच्या गाडींतून रोज गांठला आहे.

थाई भाषेपुरतें तर तिचें पारडें गोऱ्या सोबत्यापेक्षां जड आहे. त्या लिपीचें मूळ आपल्या ब्राह्मींत आहे आणि वर्णमाला क-वर्ग, च-वर्ग ह्याच ओळखीच्या क्रमानें चालते. क आणि ख, प आणि फ, त आणि थ हे भेद थाईंत जिवंत आहेत. ते ऐकण्यास इंग्रजाच्या कानाला महिने लागतात, मराठी कानाला ते जन्मतःच येतात. शब्द तर पावलोपावलीं ओळखीचे भेटतात. शिक्षकाला 'ख्रू' म्हणतात, तो आपला गुरु. शिक्षकांस परवाना देणारी परिषद १९४५ साली स्थापन झाली. तिच्या नांवांत गुरु आणि सभा हे दोन्ही शब्द उभे आहेत. शिशुवर्गाला 'अनुबान' म्हणतात. मूळ पालि-संस्कृत 'अनुपाल', म्हणजे जपणूक. आमच्या आजोबांच्या पिढीनें ह्याच वर्गाला 'बिगारी' म्हटलें! नांव ठेवण्यांत थाई लोक आमच्यापेक्षां दयाळू निघाले, हें कबूल केलें पाहिजे.

अडचण आहे ती सुरांची. थाई भाषेंत पांच सूर आहेत, आणि 'मा' हें एकच अक्षर एका सुरांत 'ये', दुसऱ्यांत 'घोडा' आणि तिसऱ्यांत 'कुत्रा' होतें. पहिल्या महिन्यांत ती कोणाला तरी 'ये' म्हणतांना 'कुत्रा' म्हणेल आणि वर्ग खो खो हंसेल. हंसूं द्यावें. बाईला आपली भाषा येत नाहीं हें पाहून मुलाला जो धीर येतो तो कोणत्याही पुस्तकानें येत नाहीं.

मुलांचेही इंग्रजी उच्चार तिनें ह्याच दृष्टीनें ऐकावे. थाई शब्दाच्या शेवटीं ल राहत नाहीं, त्याचा न होतो. स राहत नाहीं, त्याचा त होतो. म्हणून 'बॉल'चा 'बॉन' आणि 'बस'चा 'बत्' होतो. तें मूल आळशी नाहीं, तें आपल्या आईच्या भाषेचें व्याकरण इमानानें पाळत आहे. आमचीही तीच तऱ्हा: इंग्रजींत ज्या दोन अक्षरांस दोन आवाज आहेत त्या दोहोंस आम्ही एका 'व'नें निभावून नेतों. तेवढें तिनें आरशापुढें ओठांकडे पाहून जाण्यापूर्वीं घटवावें. बाकी मराठी वळणाची लाज धरण्याचें कारण नाहीं.

पद्धतीसाठीं तिनें विलायतेकडे पाहण्यापूर्वीं आपल्याच पालघर जिल्ह्याकडे पाहावें. विरारहून डहाणूची गाडी धरली कीं त्या मुलखांत पोचतां येतें, पण आमच्या किती शिक्षिका तेथें जाऊन आल्या? १९४५ सालीं ताराबाई मोडक ह्यांनीं बोर्डीस ग्राम-बालशिक्षा-केंद्र काढलें; अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि पुढें १९५७ च्या सुमारास काम कोसबाडच्या टेकडीवर गेलें. शहरांत शिकलेल्या ह्या स्त्रियांस वारली मुलांचें जग थायलंडाइतकेंच परकें होतें. त्यांनीं काय केलें? मुलें शाळेंत येईनात तेव्हां शाळा त्यांच्या अंगणांत नेली. गुरें राखणारीं मुलें अंगणांतही सांपडेनात तेव्हां ती कुरणांत नेली. महागडीं साधनें मिळेनात म्हणून शंख-शिंपले, बिया, पानें, खडे हेंच साहित्य केलें. बँकॉकच्या वर्गांत रंगीत चित्रांचे तक्ते पुष्कळ असतील; तरी त्या मुलांच्या डब्यांतला चिकट भात, त्यांच्या दारापुढचा चाफा, त्यांचा पावसाळा ह्यांवरून इंग्रजी सुरू करावें. सफरचंद आणि बर्फाचा माणूस मागाहून येऊं द्यावेत. नालासोपाऱ्याच्या मुलांनींही तो माणूस कधीं पाहिलेला नाहीं.

एक गोष्ट मात्र कोणी नव्या शिक्षिकेला सांगत नाहीं, म्हणून आम्ही ठळकपणें सांगतों. परक्या भाषेच्या वर्गांत घातलेलें लहान मूल पुष्कळदां आठवडेच्या आठवडे, कधीं महिनेही, कांहींच बोलत नाहीं. ऐकतें, पाहतें, सांगितलें तसें उठतें-बसतें, पण तोंड उघडीत नाहीं. भाषाशास्त्रज्ञ ह्याला मौनाचा काळ म्हणतात. नवी शिक्षिका ह्या काळांत घाबरते, मुलाच्या तोंडून शब्द ओढूं पाहते, आणि पालकांस व मुख्याध्यापकांस तीन महिन्यांत पाठ केलेलीं गाणीं हवीं असल्यामुळें तिची अधिकच ओढाताण होते. तिनें गाणीं खुशाल म्हणवावींत, पण गप्प मुलाला गप्प बसूं द्यावें. आणि तीन वर्षांच्या मुलाला परकी भाषा द्यावीच कां, हा प्रश्नही तिनें मनांतून पुसूं नये. ताराबाई-अनुताईंचा कौल मातृभाषेकडे होता. युनेस्कोच्या १९५३ च्या अहवालाचाही तोच होता. थाई सहशिक्षिका वर्गांत असेल. मूल रडूं लागलें तर त्याला समजावणें त्याच्या भाषेंत व्हावें, तेथें इंग्रजीचा हट्ट धरूं नये.

तेथल्या चालीरीतींनीं ती बावरेल असें आम्हांस वाटत नाहीं. वर्गांत पादत्राणें काढून जातात, सकाळीं आठाला ध्वजवंदन होतें, जेवणानंतर मुलांस दांत घासावयास लावून निजवितात. कोणाच्या डोक्याला, अगदीं लहान मुलाच्याही, उगाच हात लावूं नये, कारण मस्तक पवित्र मानतात. आमच्या शिक्षिकांस पाठीवर आणि डोक्यावर थोपटण्याची संवय असते, ती आवरावी. जूनच्या सुमारास एका गुरुवारीं गुरुवंदनाचा समारंभ होतो. त्यांत मुलें गुडघ्यांवर येऊन शिक्षकांपुढें जीं फुलें ठेवतात त्यांत वांग्याचें फूल असतें, आणि त्यांच्याबरोबर दूर्वा असतात. होय, आपल्या गणपतीच्याच दूर्वा. हें वाचून आजींचा चेहरा जरा उजळेल अशी आशा आहे.

कागदपत्रांविषयीं थोडक्यांत पण कडकपणें लिहितों. पदवीचें प्रमाणपत्र राज्य सरकारकडून आणि मग परराष्ट्र खात्याकडून साक्षांकित करून घ्यावें, व ज्या देशांत जावयाचें त्याच्या वकिलातीस आणखी काय लागतें तें लेखी विचारावें. पर्यटक म्हणून आधीं या, नोकरीचे कागद मागाहून करूं, असें जो सांगेल त्याच्याशीं बोलणें तेथेंच संपवावें. थायलंडांत शिकविण्यास नोकरीच्या वर्गाचा व्हिसा आणि कामाचा परवाना दोन्ही लागतात, आणि दर नव्वद दिवसांनीं आपला पत्ता सरकारांत कळवावा लागतो. २०२२ पासून थायलंडांत नोकरी देतों म्हणून नेलेल्या कित्येक भारतीय तरुणांस सरहद्दीपार ब्रह्मदेशांत नेऊन फसवणुकीच्या कारखान्यांत डांबण्यांत आलें. मार्च २०२५ मध्यें अशा पांचशेंहून अधिक जणांस हवाई दलाच्या विमानांनीं परत आणावें लागलें. शाळेचें नांव, पत्ता, मुख्याध्यापकांशीं प्रत्यक्ष संभाषण, आणि तेथें आज काम करणाऱ्या एखाद्या भारतीय शिक्षिकेचा शब्द, इतकें हातीं आल्याशिवाय तिकीट काढूं नये. हें काम काकांनीं अंगावर घ्यावें. शंकेखोर माणसाचा घराला उपयोग असा करून घ्यावयाचा असतो.

राहिलें घर. आमच्या एकत्र कुटुंबांत प्रेमाला तोटा नाहीं, पण त्याला वेळकाळ नसतो. मुलगी गेली कीं रोज रात्रीं दूरध्वनीच्या पडद्यावर अकरा तोंडें दाटीनें उभीं राहतील, आणि प्रत्येक जण विचारील, जेवलीस का, वाळलीस कशी, केव्हां येणार. घड्याळांत तेथें आपल्यापेक्षां दीड तास पुढें असतें. तुमच्या जेवणाच्या वेळीं ती उद्यांचीं चित्रें कापून झोंपावयास निघालेली असते. पहिले तीन महिने आठवड्यांतून दोनच दिवस बोलावें, आणि एक दिवस आईला एकटीला द्यावा. तिला तेथें एकटें वाटेल. तें वाटूं द्यावें. त्याच एकटेपणांतून ती शेजारणीचें दार ठोठावील. पगाराचाही प्रश्न आधींच मिटवावा. पहिलें वर्ष तिनें घरीं कांहीं पाठवूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. परदेशीं गेलेली मुलगी म्हणजे घराच्या नव्या मजल्याचा खर्च नव्हे.

आणि शेवटीं जेवण. बँकॉकांत पानांतल्या भाजींत मासळीचा अर्क निघेल, ही आजींची भीति खरी आहे. तो जवळजवळ सगळ्यांत असतो. पण दोन शब्द तिनें विमानांतच पाठ करावे. एक 'मांगसविरत', जो मूळचा आपला 'मांस-विरति'. दुसरा 'चे', पिवळ्या पताकेवर तांबड्या अक्षरांत हा लिहिलेला असेल त्या गाडीवर मांस-मत्स्य तर नाहींच, पण कांदा-लसूणही नसतो. ह्या अन्नाचा नऊ दिवसांचा उत्सव तेथें दरवर्षीं होतो, आणि तो बहुधा आपल्या नवरात्राच्याच आसपास येतो. गोडा मसाला मात्र घरचा न्यावा, आणि हिंगाची डबी दोन पिशव्यांत बांधून कपड्यांपासून दूर ठेवावी.